शब्दविचार : ‘लिटरली’ आणि ‘अक्षरशः’

हल्लीं सुशिक्षित घरांतून मराठी बोलतांना जीं इंग्रजी अव्ययें सर्रास ऐकूं येतात, त्यांत ‘लिटरली’ हें अग्रगण्य होय. ‘मी लिटरली मेलें’, ‘डोकें लिटरली फुटलें’, असें सांगणारी व्यक्ति आपणांसमोर धडधाकट उभी असते! हा आजकालच्या मुलामुलींचा अनाचार आहे, असें वडीलधाऱ्यांकडून आम्हीं पुष्कळदां ऐकलें आहे. परंतु या ठिकाणीं मुलांवर थोडा अन्याय होतो.

लॅटिन ‘लिटेरा’ म्हणजे अक्षर. तेव्हां ‘लिटरली’ म्हणजे अक्षराला धरून, वाच्यार्थानें. आपला ‘अक्षरशः’ हा त्याचा जणूं सख्खा भाऊच. ‘शस्’ हा तद्धित प्रत्यय वीप्सेच्या, म्हणजे ‘एकेक करून’ या अर्थीं लागतो. पोथीची नक्कल अक्षरशः करावी, हा त्याचा निर्मळ प्रयोग. अतिशयोक्तीचा प्रयोग मागाहूनचा खरा, पण नवा नव्हे. इंग्रजींत तो १७६९ सालच्या फ्रान्सेस ब्रुक या लेखिकेच्या कादंबरींत सांपडतो. मार्क ट्वेननें १८७६ सालीं टॉम सॉयरची श्रीमंती वर्णितांना हेंच अव्यय योजलें. आणि ती श्रीमंती कोणती, तर गोट्या, पतंग, मेलेला उंदीर व एका डोळ्याचें मांजराचें पिल्लू! फाउलरनें १९२६ च्या आपल्या कोशांत या प्रयोगावर कोरडे ओढले, पण तो थांबला नाहीं. इंग्रजी कोशांत हा अर्थ नोंदलेला आहे हें २०१३ सालीं लोकांच्या ध्यानांत आलें, तेव्हां वृत्तपत्रांतून मोठा गहजब झाला. वास्तविक वेब्स्टरच्या कोशांत तो १९०९ पासूनच होता.

आमच्या आलंकारिकांस यांत नवल वाटलें नसतें. गंगेवर गवळीवाडा आहे असें म्हटलें कीं प्रवाहावर घरें संभवत नाहींत म्हणून तीर हा अर्थ घ्यावयाचा; ही लक्षणा. ‘कुशल’ म्हणजे मूळचा कुश तोडणारा. आज निष्णात वैद्यास कुशल म्हणतांना दर्भाची आठवण कोणास होते? शब्द असे सरकावयाचेच. इंग्रजीचा ‘व्हेरी’ हाही मूळचा ‘खरा’ या अर्थाचा. आतां तो केवळ आधिक्य दाखवितो. मग तक्रार कसली? तक्रार एवढीच कीं, ‘येथें लक्षणा करूं नका’ हें बजावणें हेंच ‘लिटरली’चें काम. पहारेकरीच सोंगें घेऊं लागला, तर दाराशीं कोण उभें आहे हें कळावें कसें?

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांतील कन्या परगांवीं शिकत होती. परीक्षा जवळ आली कीं दर आठवड्यास फोनवर ती म्हणे, ‘मला लिटरली श्वास घेतां येत नाहीं.’ घरच्यांचे कान त्या वाक्यास सरावले. पुढें एके रात्रीं तिला दम्याचा खराच झटका आला आणि तिनें तेंच वाक्य उच्चारलें. ‘झोप आतां, सकाळीं बरें वाटेल,’ असें सांगून मातोश्रींनीं फोन ठेवला. खोलींतील मैत्रिणीनें तिची अवस्था डोळ्यांनीं पाहिली व तिला तत्काळ रुग्णालयांत नेलें, म्हणून मुलगी बचावली. मातोश्रींस दोष देणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. त्या रात्रीं मुलीपाशीं दुसरा शब्दच उरला नव्हता.

वैद्याशीं बोलतांना तरी असलीं अव्ययें गाळावीं. ‘अंग अक्षरशः भाजत होतें’ यापेक्षां ‘ताप १०३ होता’ हें बरें. ‘लिटरली कांहीं खाल्लें नाहीं’ यापेक्षां शेवटचा घांस केव्हां घेतला तें सांगावें. एरवीं थट्टेंत कोणी लिटरली मेलें तर मरूं द्यावें. वाच्यार्थाचीच गरज पडेल तेव्हां आपल्यापाशीं ‘शब्दशः’ हा एक शब्द अद्यापि बराच शाबूत आहे. निदान ‘मी शब्दशः मेलें’ असें कोणी म्हटल्याचें आमच्या कानीं अजून आलेलें नाहीं.