बुलढाणा मागास जन्मला नाही

१/ बुलढाणा जिल्ह्याचे नाव निघाले की दोन गोष्टी आठवतात: जिजाऊंचे जन्मस्थान सिंदखेडराजा आणि लोणारचे विवर. त्यापुढे ठरलेले वाक्य येते, ‘बाकी जिल्हा कोरडा आणि मागास.’ या वाक्यात इतिहासाचे पाप भूगोलाच्या माथी मारले जाते. हा थ्रेड त्या वाक्याविरुद्ध आहे.

२/ आधी भूमी पाहू. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन भाग पडतात. घाटावर चिखली, मेहकर, सिंदखेडराजा. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद. वरची पैनगंगा वर्धेला मिळून अखेर गोदावरीच्या पाण्याबरोबर बंगालच्या उपसागरात जाते. खालची पूर्णा तापीला मिळून अरबी समुद्राकडे वळते. वऱ्हाडातील बालाघाट आणि पयानघाट हा भेद इंग्रजांच्या कितीतरी आधीचा आहे.

३/ मग हे दोन प्रदेश एका जिल्ह्यात कसे आले? १८५३ साली निजामाने कंटिन्जंट फौजेच्या थकबाकीपोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. पुढे १९०५ च्या फेररचनेत खामगाव व जळगाव हे तालुके अकोल्यातून काढून बुलढाण्यास जोडले गेले. १७९० साली फ्रान्सने जुने प्रांत मोडून नवे विभाग आखले, त्यांना नद्या-डोंगरांची नावे दिली. तरी त्या सीमा माणसांनीच आखलेल्या होत्या. आपल्याही तशाच.

४/ आता अर्थकारण. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. मुंबई–नागपूर लोहमार्ग घाटाखालून गेला. १८७० साली जलंब ते खामगाव असा सुमारे १३ किलोमीटरचा फाटा झाला. त्याच्या उद्घाटनास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. ‘कोरड्या’ म्हटलेल्या याच जिल्ह्यातील खामगाव तेव्हा कापसाची नामांकित बाजारपेठ होती.

५/ परंतु रेल्वे आली ती गाठींसाठी. घाटावरील जिल्हा मुख्यालयात आजही रेल्वे स्थानक नाही आणि जालना–खामगाव मार्गाची मागणी करता करता पिढ्या सरल्या. ‘घाट चढणे खर्चाचे’ असे कोणी म्हणेल. मग १८६३ साली बोरघाटातून रेल्वे कशी गेली? जिथे राज्यकर्त्यांना गरज वाटली, तिथे डोंगर आडवा आला नाही.

६/ याचा अर्थ घाटाखाली सुबत्ता आहे, असाही नाही. पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे: जमीन कसदार, पण विहिरीचे पाणी खारट. पूर्णेवरील जिगाव प्रकल्प दीर्घकाळ रखडलेला. म्हणजे वरच्यांना रेल्वे नाही आणि खालच्यांना गोडे पाणी नाही. दोन दुखणी, दोन उपाय.

७/ आणि आपण मोजतो काय? सरासरी! २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८. दर पाचांतील जवळपास चार माणसे खेड्यात राहणारी. १९८४ च्या दांडेकर समितीने जिल्हानिहाय अनुशेष मोजला, हे मोलाचे काम होते. त्यामुळे विदर्भाचे गाऱ्हाणे आकड्यांत आले. परंतु जिल्ह्याच्या एका आकड्यात लोणारचा सोयाबीन उत्पादक आणि संग्रामपूरचा खारे पाणी उपसणारा शेतकरी एकच होऊन जातात. ज्याचे दुःख सरासरीत विरले, त्याच्या वाट्याला निधीही सरासरीनेच येतो.

८/ म्हणून, इतिहासप्रेमी मित्रांनो, एक विनंती. जिजाऊंच्या जयंतीला सिंदखेडराजास जरूर या. पण येताना घाट चढून या. खालचा लोहमार्ग कुठे संपतो आणि वर कोणती गावे त्याच्याविना राहिली, ते नकाशावर पाहा. अनुशेष तालुकानिहाय मोजा, अशी मागणी करा. मागासलेपण हा मातीचा गुण नव्हे. तो निर्णयांचा हिशेब आहे, आणि हिशेब तपासता येतो.

(समाप्त)