दिवा घालवून देतो, ताई!

नवी गाडी दारात आली की आपण तिला ओवाळतो, चाकाखाली लिंबू ठेवतो, डॅशबोर्डवर गणपती बसवतो. स्टिअरिंगच्या मागे जी छोट्या दिव्यांची ओळ असते, तिच्याकडे मात्र ‘ते ह्यांचं खातं’ म्हणून ढुंकून बघत नाही. मैत्रिणींनो, त्यातला एक दिवा तरी ओळखून ठेवा. बसलेला माणूस, अंगावर पट्टा आणि समोर गोल फुगा, असं त्याचं चित्र असतं. चावी फिरवली की तो काही सेकंद लागतो आणि विझतो. विझला तर ठीक. पण लागूनच राहिला, तर एअरबॅग किंवा सीटबेल्टच्या यंत्रणेत कुठेतरी बिघाड आहे, आणि वेळ आली तर ती चालेलच याचा भरवसा नाही.

एअरबॅग सगळ्यांना ठाऊक असते. प्रीटेन्शनर हे नाव मात्र गाडी विकणाराही क्वचितच घेतो. सीटबेल्टच्या गुंडाळीत किंवा बक्कलपाशी फटाक्याच्या दारूसारखी एक अगदी लहान पुडी असते. जोराची धडक बसली की गाडीतला कंप्युटर तिला विजेचा इशारा देतो, ती उडते आणि पट्टा डोळ्याचं पातं लवायच्या आत मागे खेचला जातो. अंगावरचा ढिलेपणा निघतो, माणूस सीटला धरून राहतो. मर्सिडीजच्या एस-क्लास गाडीत १९८१ साली एअरबॅगच्या जोडीने ही सोय आली. आता आपल्याकडच्या कितीतरी साध्या गाड्यांतही पुढच्या सीटना ती असते. साडी चुरगळते म्हणून पट्टा सैल सोडणाऱ्या, त्याला क्लिप लावून ठेवणाऱ्या बायका मी नेहमी बघते. अहो, हे यंत्र ओढून ओढून काही इंच ओढणार! उरलेला ढिलेपणा आपल्याच बरगड्यांना भोवतो.

ही पुडी जागेवर आहे ना, तिची वायर जोडलेली आहे ना, हे कंप्युटर गाडी चालू असताना सतत तपासत असतो. अगदी किंचित वीज सोडून तो तारेतला अडथळा मोजतो. उत्तर आलं नाही किंवा चुकीचं आलं की दिवा लावतो. आणि गंमत बघा, पुष्कळदा मूळ कारण आपल्या सीटखाली सापडतं. बऱ्याच गाड्यांत बक्कलची वायर तिथूनच जाते. तिचा कनेक्टर बहुतेक पिवळ्या रंगाचा असतो. सीट पुढेमागे सरकवताना, खाली कोंबलेली छत्री किंवा चपलांची पिशवी ओढताना, झाडताना तो हलतो, सैल होतो. गाडीत पाणी शिरलं तर पिना गंजतात. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडच्या किती गाड्या पाण्यात उभ्या होत्या! तशी गाडी पुढे धुऊनपुसून विकायला आली, तर बाहेरून काय कळणार? बॅटरी अशक्त झाली तरी कधी कधी हा दिवा लागतो. महागड्या गाड्यांत पट्टा ओढायला मोटार आणि तिचा वेगळा कंप्युटर असतो. तिथे या दोन कंप्युटरांचं बोलणंच तुटतं.

आमच्या भिशीतल्या एकीच्या सेकंडहँड गाडीत हा दिवा लागला. पहिल्या गॅरेजमध्ये उत्तर मिळालं, ‘दिवा घालवून देतो, ताई!’ दिला घालवून. तीन दिवसांनी पुन्हा हजर. दुसऱ्या मेकॅनिकने स्कॅनर लावला, कोड वाचला. डाव्या सीटच्या प्रीटेन्शनरच्या तारेत अडथळा जास्त, असं निघालं. त्याने बॅटरी काढली, काही मिनिटं थांबला, कनेक्टर साफ करून नीट बसवला आणि मगच कोड पुसला. थोडक्या पैशांत काम झालं. पहिल्याने नुसता कोड पुसला होता. म्हणजे ताप बघायचाच नाही म्हणून थर्मामीटर फोडल्यासारखं झालं.

काही ठिकाणी तर याहून वाईट करतात. एकदा उडालेला प्रीटेन्शनर पुन्हा चालत नाही, नवाच घालावा लागतो. तो खर्च वाचवायला तारेत एक रेझिस्टर जोडून कंप्युटरला फसवतात, किंवा दिवाच काढून टाकतात. म्हणून जुनी गाडी घेताना चावी फिरवल्यावर हा दिवा लागतो का, हेही बघा. अजिबातच न लागणारा दिवा जास्त संशयाचा. रेझिस्टरची लबाडी दिव्यावरून कळत नाही. त्यासाठी गाडीला अपघात झाला होता का हे खोदून विचारायचं आणि माहीतगाराकडून पट्ट्याची गुंडाळी तपासून घ्यायची.

इशारा गप्प करायची आपल्याला सवयच लागली आहे. बेल्ट न लावता त्याचा आवाज बंद करणाऱ्या क्लिपा ऑनलाइन सर्रास मिळत. २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ऑनलाइन कंपन्यांना त्या काढायला लावल्या, तेव्हा अशा तेरा हजारांवर नोंदी निघाल्या! इतकी गिऱ्हाइकं होती म्हणूनच ना?

आणि ज्या डाव्या सीटबद्दल हे चाललं आहे, तिथे बसतं कोण? बहुतेक घरांत आपणच. मग गॅरेजमध्ये ‘ह्यांना विचारा’ म्हणून बाजूला का उभं राहायचं? सोनाराकडे वजन दोनदा बघतो ना आपण? तसंच इथे विचारायचं : कोड काय आला, कोणत्या बाजूचा, दुरुस्त काय केलं? बिलावर लिहून मागायचं. मेकॅनिक साधा टेस्ट लॅम्प घेऊन पिवळ्या वायरीत टोचायला लागला, तर त्याला तिथेच थांबवा. तेवढ्या विजेनेही पुडी उडू शकते. स्कॅनर नसेल तर गाडी दुसरीकडे न्या. स्वतः ते कनेक्टर ओढून बघायच्या फंदात मात्र पडू नका. सीटखालची छत्री तेवढी आजच बाहेर काढा.