सव्वीस पानं आणि एक उपास

घरातल्या सगळ्यांना घेऊन हॉटेलात जेवायला जायचं ठरलं, की तुमच्याकडे काय होतं? आमच्याकडे भांडण होतं. चौघं असलो तर प्रश्न नाही. भूक लागली, पाटी दिसली, शिरलो आत. पण २६ जण निघाले म्हणजे ते जेवण राहत नाही, त्याची वरात होते.

२०२५ च्या मे महिन्यात माझ्या आईवडिलांच्या, म्हणजे आमच्या पोरांच्या आजीआजोबांच्या लग्नाला ५० वर्षं झाली. सुट्टीचे दिवस, भाचरं-पुतणे सगळे पुण्यात जमलेले. मोठ्या माणसांनी हॉटेल शोधायचं काम या टोळीवर सोपवलं. अट एकच : जे हॉटेल ठरवाल, ते आधी स्वतः जाऊन बघून यायचं. जेवण १६ तारखेला, शुक्रवारी रात्री.

पहिला दिवस अर्थातच आरडाओरड्यात गेला. एकाला चायनीज, दुसऱ्याला पंजाबी, तिसऱ्याला नुसतं आइस्क्रीम! शेवटी चौदा वर्षांच्या भाचीने वही उघडली. म्हणाली, "कोणाला काय आवडतं ते राहू दे. कोणाला काय चालत नाही, ते सांगा आधी." मला ही पोरगी तिथेच आवडली. बघता बघता पान भरलं. एक काकू जैन घरातली, तिला कांदा, लसूण आणि बटाटा चालत नाही. सर्वांत धाकट्या पुतण्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी. (ही चेष्टेची गोष्ट नव्हे हं. आपल्याकडे कोशिंबिरीपासून आमटीपर्यंत कूट कशात असेल सांगता येत नाही. त्यामुळे हॉटेलात नुसतं वाढप्याला विचारून भागत नाही, आत आचाऱ्यापर्यंत निरोप जावा लागतो.) आजीचे गुडघे दुखतात. आजोबांच्या कानाला यंत्र आहे.

मग स्वारी निघाली. सगळ्यांचं लाडकं हॉटेल पहिल्या मजल्यावर. पायऱ्या मोजल्या, १९ भरल्या. लिफ्ट नाही. गल्ल्यावरचे काका म्हणाले, "खुर्चीत बसवून नेऊ की वर!" अरे, आजी म्हणजे काय गणपतीची मूर्ती आहे?

दुसरीकडे पायऱ्या नव्हत्या, पण वर कर्णा लावल्यासारखी गाणी चालू. आमच्या दोन बहाद्दरांनी लांब टेबलाच्या दोन टोकांना बसून एकमेकांना एकोणतीसचा पाढा म्हणून दाखवला. कोण कुठे चुकलं ते कोणालाच कळलं नाही! कानाचं यंत्र शेजारच्याचं बोलणं मोठं करतं, तसाच ताटवाट्यांचा खणखणाटही मोठा करतं. आजोबा घरच्या लग्नकार्यातसुद्धा गप्प का बसतात, हे पोरांना त्या टेबलावर उमगलं. वहीत नोंद झाली : कोपऱ्यातली जागा, भिंतीला पाठ, आणि आजोबा टोकाला नाही, मधोमध.

तिसरं हॉटेल थाळीचं, तळमजल्यावर. २६ जणांची ऑर्डर वेगवेगळी द्यायची म्हणजे पहिल्याचं खाऊन होतं तेव्हा शेवटच्याचं येतं. थाळीत ती भानगड नाही. मात्र थाळीचे पैसे माणशी. दोन पोळ्या खाणाऱ्या आजीला आणि चार वर्षांच्या बंड्याला पूर्ण थाळी का? "अर्धी थाळी मिळते का?" हे भाचीने मालकांना थेट विचारलं. मिळत होती. हिशेबाचं खातं भाच्याकडे होतं. बिलावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे दहा हजारांच्या जेवणाला पाचशे रुपये वर. सर्व्हिस चार्ज नावाची ओळ मात्र कर नव्हे. ती आपोआप लावायची नाही, असं ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच सांगितलंय, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. वाढप्याला खुशीने काही द्यावं, ते वेगळं.

सगळं जमलं. आता फोन करून जागा राखून ठेवायची, इतकंच बाकी. तेवढ्यात अकरा वर्षांचा पुतण्या तारखेवर गोल करायला म्हणून भिंतीवरच्या कालनिर्णयापाशी गेला आणि तिथेच उभा राहिला. १६ च्या चौकोनात संकष्टी!

आजीचा संकष्टीचा उपास आजवर चुकलेला नाही, आणि चंद्र दिसल्याशिवाय ती जेवत नाही. त्या दिवशीचा चंद्रोदय साडेदहाच्या सुमारास. (संकष्टीचा चंद्र आश्विनात लवकर दिसतो, पण वैशाखात चांगलाच रेंगाळतो.) म्हणजे २५ जण पोटभर जेवणार आणि जिच्या लग्नाचा वाढदिवस, ती रिकाम्या ताटापुढे बसणार.

पोरं स्वयंपाकघरात धावली. आजी शांतपणे भाजी निवडत होती. "मला ठाऊक होतं रे. तुम्ही एवढे हौसेने धावपळ करत होतात, कशाला सांगायचं? मी घरी येऊन जेवले असते."

वहीत शेंगदाणे होते, बटाटा होता, पायऱ्या होत्या. 'आजीला विचारलं का?' एवढंच नव्हतं. भाचीने वही मिटली आणि बराच वेळ ती काही बोलली नाही. मीही नाही. मोठ्यांपैकी तरी कोणी विचारलं होतं? तारीख तर आम्हीच ठरवलेली.

जेवण रविवारी दुपारी ढकललं. हॉटेलवाले म्हणाले, रविवारी गर्दी असते, साडेअकरालाच या. आलो असतो की दहाला!

शुक्रवारी रात्री सगळी वरात गच्चीवर. समोरच्या इमारतीमागून चंद्र वर यायला अकरा वाजले. आजीने हात जोडले आणि खाली पानं मांडायला निघाली, तेव्हा आजोबा म्हणाले, "दोन पानं घे." मग कळलं, दिवसभर त्यांनीही काही खाल्लं नव्हतं. कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं ते.

आणि रविवारी? आजीने आमरसाची वाटी चार वेळा भरून घेतली. अर्ध्या थाळीचा आमचा हिशेब साफ चुकला.