वाळल्या गवतातली जाग

मे महिन्यातलं खडखडीत वाळलेलं गवत आम्ही पहिल्या तासाला वाटीभर थंड पाण्यात भिजवलं. (उकळू नका, मागच्या वर्षी आम्ही तीच चूक केली होती.) तासाभराने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर नुसते गोल, निश्चल ठिपके.

"सर, मेलेत सगळे," मुलं म्हणाली. आम्ही वाटी मोरीत ओतायला निघालो. एक मुलगी आडवी आली, "शेवटच्या तासाला बघू या ना."

ते ठिपके म्हणजे कोल्पोडा, मूत्रपिंडाच्या आकाराचा एकपेशीय जीव. माती सुकू लागली की तो अंगावरचे केस आवरतो, पाणी बाहेर टाकतो आणि भोवती कवच करून पडून राहतो, वर्षानुवर्षंसुद्धा. गवताचा अर्क उतरलेलं पाणी मिळालं की काही तासांत जागा होतो.

शेवटच्या तासाला एका कवचात पाण्याचा फुगा वाढताना दिसला. त्याच्या दाबाने बाहेरचं कवच तडकलं. जीव लगेच मोकळा झाला नाही. पातळ पडद्याच्या पिशवीसकट बाहेर सरकला आणि आतच गरगर फिरू लागला. केस परत आले होते! मग पडदाही गेला आणि तो सुसाट पळाला.

घंटा झाली. मागे रांग ओरडत होती, पण ती मुलगी भिंगावरून डोळा काढेना.