युरियाच्या रांगेत शेतकरी, नाल्यात खत!

रोवणीचे दिवस आले की गोंदिया जिल्ह्यातला धानकरी युरियाच्या पोत्यासाठी कृषी केंद्रासमोर ताटकळतो. आणि त्याच जिल्ह्यात मासळीच्या टाक्यांतले खतावलेले पाणी घाण म्हणून नाल्यात लोटायचे? याला अडाणीपणा म्हणावे, तर तो पदवीधरांच्या सहीशिक्क्याचा अडाणीपणा आहे!

हिशेब साधा आहे. २८ टक्के प्रथिनांच्या एक टन मत्स्यखाद्यात सुमारे ४५ किलो नत्र असते. मासळीच्या अंगी लागते फार तर तिसरा हिस्सा. उरलेले तीसेक किलो विष्ठेतून आणि उष्ट्या खाद्यातून पाण्यात व तळच्या गाळात उतरते. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात नत्र असते वीस-एकवीस किलो. म्हणजे प्रत्येक टन खाद्यामागे जवळजवळ दीड पोते! त्यातले काही हवेत उडते, हे मान्य. पण उरलेले बांधीत पडले तर धान पोसते, नाल्यात पडले तर शेवाळ माजवते.

हे सांगायला परदेशी तज्ज्ञ कशाला हवेत? कोहळी समाजाने नवेगावबांधासारखे तलाव बांधले, ढिवर मच्छीमारांनी त्यांत मासळी धरली, आणि तेच पाणी पाटाने खालच्या बांध्यांत उतरले. मासळी आणि धान एकाच पाण्यावर जगत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. ती गेली ते योग्यच झाले. पण तलावांची काळजी वाहणारी व्यवस्थाही तिच्याबरोबर बुडाली, आणि हे माजी मालगुजारी, म्हणजेच ‘मामा’ तलाव सरकारी दप्तरात गाळाने भरत राहिले. तिकडे पूर्व कोलकात्याच्या पाणथळीत शहराच्या सांडपाण्यावर मासळी वाढते आणि तळ्यांतून सुटलेले पाणी धानाला जाते. त्या पाणथळीला २००२ साली रामसर यादीत मान मिळाला. आमच्याकडे मात्र फिती कापण्याचा उत्साह!

२०२० साली आलेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेने सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान ठेवले. टाकी आली, पंप आला, बोटुकली आली. सांडपाणी कुठे जाणार, हे विचारतो कोण?

हे पाणी आंधळेपणाने सोडायचे मात्र नाही. बायोफ्लॉक पद्धतीच्या मासळी-टाकीत बहुधा मीठ टाकलेले असते. ते पाणी न तपासता बांधीत घेतले तर जमीन खारावेल. म्हणून आधी पाण्याची तपासणी, मग गाळ बसवायला एक खड्डा, आणि त्यानंतर पाट. गाळ वाळवून धुऱ्यावरच्या तुरीला घाला, निवळलेले पाणी धानाला द्या. यात न परवडण्यासारखे काय आहे?

मत्स्यव्यवसाय खाते आणि कृषी खाते यांनी एका टेबलावर बसावे. ढिवरांच्या मत्स्य सहकारी संस्थांनाही तिथे खुर्ची द्यावी, कारण तलाव त्यांना कळतो. आणि येत्या खरिपापासून, निचऱ्याचे पाणी कोणत्या बांधीत जाणार हे ज्या अर्जात लिहिलेले नसेल, त्या अर्जाला अनुदानाचा एक रुपयाही मिळता कामा नये!