दुसऱ्या पदवीचे वेळापत्रक

विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्या घेण्यास मुभा दिली. अभियांत्रिकीचा विद्यार्थी आता मराठीची बी.ए.ही रीतसर करू शकतो. दोन्ही पदव्या वर्गात बसून घ्यायच्या असतील तर तासांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. एरवी एक पदवी वर्गात आणि दुसरी दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने घेता येते. या निर्णयाचे आम्ही स्वागत केले होते आणि आजही करतो. पण स्वागताच्या भरात एक साधा हिशेब आपल्याकडून राहून गेला.

तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात चार वर्षांच्या अभियांत्रिकीला १६० श्रेयांक आहेत. नव्या आराखड्यात तीन वर्षांच्या बी.ए.ला किमान १२० आहेत. म्हणजे दोन्हीकडे प्रत्येक सत्राला सरासरी वीस. एक श्रेयांक म्हणजे आठवड्याला एक तासिका. प्रात्यक्षिक असेल तर दोन तास. दोन्ही पदव्या एकदम चालवणाऱ्याचे आठवड्याचे किमान चाळीस तास वर्गातच जातील. सबमिशन, जर्नल, तोंडी परीक्षा वेगळ्याच. मग कादंबरी वाचायची कधी?

वेळ कमी पडला की काटछाट कोठे होणार, हे सांगायला ज्योतिषी नको. नोकरी ज्या पदवीवर मिळायची तिला कोणी हात लावणार नाही. साहित्याच्या वाट्याला गाइड आणि परीक्षेआधीचे चार दिवस येतील. त्यात आमच्या विभागांची पटसंख्या रोडावलेली. संख्या टिकवण्यासाठी अभ्यासक्रम हलका करण्याचा मोह आपल्यालाच होईल, अशी भीती आम्हांला वाटते. तसे झाले तर पदवी दोन, शिक्षण मात्र एकच.

यावर कोणी म्हणेल, अभियंत्याला साहित्याची पदवी हवीच कशाला? नंदा खरे स्थापत्य अभियंते होते, तरी त्यांनी ‘अंताजीची बखर’ लिहिली. आक्षेप रास्त आहे. कादंबरी लिहिण्यासाठी पदवी लागत नाही, आवडीने वाचण्यासाठीही लागत नाही. पण अंताजीची बखर सभासदाच्या बखरीशेजारी ठेवून पाहायची, जुन्या गद्याचे वळण नव्या कादंबरीत कशासाठी आणले हे विचारायचे, तर तो अभ्यास आहे. ‘लीळाचरित्र’ पाठभेदांसह वाचायला सहसा कोणी एकटा बसत नाही. तेथे शिक्षक लागतो, आणि आपले म्हणणे खोडून काढणारा सहाध्यायीही लागतो. दुसऱ्या पदवीने विद्यार्थ्याला द्यायची ती ही सोबत. ती नसेल तर वाचनालयाची वर्गणी पुरे.

म्हणून दुसऱ्या पदवीचे वेळापत्रक साहित्याच्या विभागांनीच आखावे, असे आम्हांला वाटते. ही पदवी अभियांत्रिकीबरोबरच संपली पाहिजे असा आग्रह कशाला? दुसऱ्या वर्षी सुरू करून नोकरी लागल्यावर पूर्ण झाली, तरी काय बिघडले? श्रेयांक साठवून ठेवण्याची सोय २०२१ पासून झालीच आहे. तासिका संध्याकाळी ठेवाव्यात. दूरस्थ विद्यार्थ्यांसाठीही आठवड्यातून एकदा एकच संहिता सर्वांनी मिळून वाचण्याचा तास असावा. संहितांची यादी मात्र कमी करू नये.

गणित आणि यंत्रे शिकणारी मुले मराठीच्या वर्गात आली तर वर्गाचाच लाभ आहे. वाक्यरचनेकडे, छंदाच्या मोजमापाकडे पाहण्याची त्यांची नजर वेगळी असेल आणि त्यांचे प्रश्न आम्हां शिक्षकांना अडचणीत टाकतील. तशी अडचण आम्हांला हवी आहे. पण प्रश्न विचारण्यासाठी त्यांनी आधी पुस्तक वाचलेले असले पाहिजे, आणि तेवढा वेळ त्यांना ठेवून देणे हे आपले काम आहे.