गोळीपेक्षा पेरू बरा

‘अँटिऑक्सिडंट’ गोळ्यांची डबी आता तालुक्याच्या गावीही सहज मिळते. भाजी महाग म्हणून हात आखडता घेणारी मंडळीसुद्धा डॉक्टरांना न विचारता ही डबी घेतात. हे योग्य नाही.

शरीरात प्राणवायूचा वापर होताना ‘फ्री रॅडिकल्स’ नावाचे अस्थिर कण तयार होतात. ते वाढले की पेशींना इजा होते. तंबाखूच्या धुराने ते आणखी वाढतात. क आणि ई जीवनसत्त्व, बीटा कॅरोटिन हे घटक त्यांना आवर घालतात. मग त्यांची गोळीच घेतली तर? फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांहून अधिक पुरुषांवर हे पडताळून पाहिले गेले. १९९४ साली निष्कर्ष आला. बीटा कॅरोटिनची गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के अधिक आढळला!

फळे-भाज्यांत हेच घटक चोथ्यासह, बेताच्या प्रमाणात असतात. त्यांत आपला जिल्हा संपन्न आहे. राहात्याचा पेरू क जीवनसत्त्वात संत्र्याला मागे टाकतो. श्रीगोंद्याचे लिंबू, संगमनेरचे डाळिंब, अकोल्याच्या डोंगरातल्या रानभाज्या आहेतच. बागायतदारांनी सगळा माल बाजारात न धाडता घरच्या ताटासाठीही थोडा ठेवावा.

उष्णतेने क जीवनसत्त्व नष्ट होते. म्हणून लिंबू जेवताना पिळावे. पालेभाजी आधी धुवावी, मग चिरावी. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मात्र परस्पर बंद करू नयेत. आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी आधी ती सोडावी. तिची भरपाई करणारी गोळी कोणत्याही दुकानात मिळत नाही.